हा फोटो तर माझ्याकडे आहे

फोटोताईंच्या स्टुडिओत पाऊल टाकलेलं माणूस फोटो घेऊन बाहेर पडेपर्यंत त्याच्या घरची सगळी खबर फोटोताईंकडे जमा झालेली असे. कुणाची बदली अडली आहे, कुणाच्या सासूने कपाटाच्या किल्ल्या अजून हातच्या सोडलेल्या नाहीत, कुणाचा भाऊ बोलायचा बंद झालाय आणि का. गल्लीत याला भोचकपणा म्हणत. फोटोताई याला धंदा म्हणत, आणि त्यांचं अगदीच खोटं नव्हतं.

कसं आहे, ओळखपत्राच्या फोटोला बसलं की चांगलं हसतंखेळतं माणूसही ओंडका होऊन जातं. मान ताठ, डोळे वटारलेले, ओठ असे मिटलेले की जणू तोंडात गरम चहा आहे. ‘जरा हसा’ म्हणावं तर आणखीच बिघडतं. फोटोताईंनी यावर तोड काढली होती. कॅमेऱ्याचं बटण लांब वायरीला लावून घेतलं होतं, ते हातात धरून त्या बाजूला उभ्या राहत, इकडचं तिकडचं बोलत आणि मध्येच सवाल टाकत, “काय हो, तुमच्या मेव्हण्याने ती गाडी विकली का शेवटी?” समोरचा उत्तराला तोंड उघडणार, त्याच्या जरासं आधी चेहरा मोकळा होतो. गाडी, मेव्हणा, त्याने लावलेला चुना, सगळं डोळ्यांत येतं. तेवढ्यात फोटोताईंचा अंगठा दाबला गेलेला असे. त्यांच्या हातचा फोटो बघून लोक म्हणत, अरे, हा तर मीच! ओळखपत्रावरच्या फोटोबद्दल असं सहसा कुणी म्हणत नाही.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, तिथे फोटोताईंचे यजमान बसून फ्रेमा बनवत, म्हणून सगळे त्यांना फ्रेमकाका म्हणत. काका फारसे बोलत नसत. “घरात आलेलं सगळं बोलणं ही वापरून टाकते, मला काय उरणार?” असं त्यांचं म्हणणं होतं. पडद्यामागे राखी भिंत, छत्र्या लावलेले दोन दिवे, फिरवलं की वर-खाली होणारं लोखंडी स्टूल, आणि कॅमेऱ्याच्या वरच्या फळीवर एक पिवळं कापडी बदक. लहान मुलांनी कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून ते हलवायचं. एखादं पोर बदकासाठी हटून बसलं तर फोटोताई त्याला फुगा देत, गोळी देत, पण बदक काही हाती लागू देत नसत. पोरांच्या आयांना याचं हसू येई. एवढी मोठ्या मनाची बाई, आणि एका फडक्याच्या बदकापायी जीव टाकते!

पण बदकाचं त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना कुणी कसलंच काही विचारत नसे. विचारायला मध्ये जागा तर मिळायला हवी!

अशा या फोटोताईंकडे एके दिवशी सकाळी वकीलबाई आल्या. गावाबाहेरच्या जुन्या गोदामांमध्ये युद्धातून पळून आलेल्या लोकांची वस्ती होती, तिथल्या बायकांची कोर्टकचेरीची कामं त्या बघत. काउंटरपाशी बसून त्यांनी आधी पाणी मागितलं, आणि मग आडपडदा न ठेवता बोलायला सुरुवात केली.

“ताई, त्या युद्धात सैनिकांनी बायकांवर बलात्कार केले. एखाद्या पिसाट माणसाने केलेलं नव्हे, वरून ठरवून करवलेलं. त्यातल्या काही जणींनी कोर्टात साक्ष दिलीय. आता त्या म्हणतात, आमचे फोटो काढा, आणि पाठमोरे नकोत, तोंड झाकून नकोत. तोंड लपवायचं तर ज्यांनी केलं त्यांनी लपवावं, आम्ही का? वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावायचंय.”

फोटोताईंना इतकं कळत होतं की हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. “मोठा कुणी फोटोग्राफर बघा की,” त्या म्हणाल्या.

“येऊन गेले. चांगले होते. पण या बायकांना नवा माणूस आणि नवी जागा नको वाटते. ओळखपत्राच्या निमित्ताने सगळ्या तुमच्याकडे येऊन गेल्यात. तुमचं दार रस्त्यावर उघडतं, पुढे काका बसलेले असतात, आत नुसता पडदा आहे. नको वाटलं की उठून चालू लागता येतं.” वकीलबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “फक्त एक सांभाळा. काय झालं, कसं झालं, ते विचारू नका. पोलिसांनी विचारलंय, डॉक्टरांनी विचारलंय, पेपरवाल्यांनी विचारलंय. मीसुद्धा विचारलंय.”

“मी कशाला विचारीन?” फोटोताई म्हणाल्या.

काउंटरमागे काकांना खोकला आला.

एकेक करून बायका येऊ लागल्या. आपल्याला कसं दिसायचंय हे त्या घरूनच ठरवून येत. एक नातवाला मांडीवर घेऊन बसली. एकीने चष्मा पुन्हा पुन्हा पुसला आणि शेवटी काढूनच ठेवला. एक धिप्पाड म्हातारी म्हणाली, “मला उभीच काढ, बसून पुष्कळ झालं.” फोटोताईंना काही करावंच लागलं नाही, फक्त तोंडाला कुलूप घालायचं होतं, आणि त्यानेच त्यांचा जबडा संध्याकाळी दुखायला लागे. मनात प्रश्नांचं नुसतं काहूर. ही इतकी धीट कशी राहिली? तिच्या नवऱ्याला ठाऊक आहे का? तो काय म्हणाला? पण त्यांनी एकही प्रश्न बाहेर पडू दिला नाही, आणि काकांनी एक दिवस आपण होऊन चहा करून आणला, तो त्याबद्दलच असावा.

घोडं अडलं ते शिवणवालीपाशी.

बाजारात कपडे अल्टर करायचं दुकान होतं, तिथे ती काम करायची. तिशी उलटून गेलेली, सडपातळ, बोटांना कायम खडूची पूड लागलेली. एक लेक, शाळेत जाणारी. गावातल्या कुणालाही ती ठाऊक नव्हती, पण तिचा चेहरा सगळ्यांना ठाऊक होता. कारण सीमा ओलांडली त्या दिवशी कुणा बातमीदाराने तिचा फोटो काढला होता. ट्रकच्या फळीवर बसलेली, शाल खांद्यावरून घसरलेली, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळे असे की बघणाऱ्याने मान फिरवावी. तो फोटो जगभर गेला. मदत गोळा करणाऱ्या संस्थेने त्याचं पोस्टर केलं, आणि ते फिरत फिरत याही गावात येऊन बसथांब्यावर चिकटलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, युद्धातल्या अत्याचारांच्या बळींना मदत करा. फोटो लावायला तिची सही होती म्हणे. त्या दिवशी कुणीतरी पाणी दिलं होतं आणि कुणीतरी कागद पुढे केला होता, तिने दोन्ही घेतलं.

ती लेकीला शाळेत न्यायची ती बसथांबा टाळून, मागच्या रस्त्याने. लेक लहान होती तोवर ठीक होतं. आता लेकीला वाचता यायला लागलं होतं.

“तिचं मागणं एवढंच आहे,” वकीलबाई म्हणाल्या, “तो फोटो उतरवा. आणि संस्थेची मंडळी म्हणतात, दुसरा द्या, मग उतरवतो. प्रदर्शनाचा खर्चही त्यांचाच, नाहीतर तिथेही तोच लागणार, समोरच्या भिंतीवर, मोठा करून. सगळ्यांच्या ओळखीचा फोटो आहे ना! मी भांडतेय ताई, पण रिकामी भिंत ठेवायला कुणी तयार नाही.”

म्हणजे नवा फोटो झाला नाही तर जुना लागणार, आणि शाळेची मुलं प्रदर्शनाला येणार होती. फोटोताईंनी मान हलवली. एक फोटो काढायचा. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं त्यांनी?

शिवणवाली आली, स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले, आणि ओंडका झाली. फोटोताईंनी दिवे फिरवले, स्टूल खाली घेतलं, वर घेतलं. पडदा सरकवून ठेवला, मग वाऱ्याने हलतो म्हणून बांधला. फोटो काढत राहिल्या आणि प्रत्येक फोटोत तीच मिटलेली, कडी लावलेली बाई. ती प्रयत्न करत नव्हती असं नाही. घाम फुटला होता तिला प्रयत्नाने. आणि मग, त्यांनी ठरवलं नव्हतं, इतक्या वर्षांची सवय जिभेवर आली, तसा प्रश्न बाहेर पडला. साधा, रोजचा, आल्यागेल्याला विचारायचा.

“घरी कोण कोण असतं?”

चेहरा उघडला. शाल नव्हती, ट्रक नव्हता, तरी पोस्टरवरची बाई जशीच्या तशी समोर बसली होती. आणि अंगठा? अंगठ्याला कुठे काय कळतं! तो दाबला गेला होता.

फोटो बाजूच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटला. शिवणवाली स्टुलावरून उतरली, जवळ जाऊन बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. एकच वस्तू चुकून दोनदा दिली तर गिऱ्हाईक परत करतं, तशा आवाजात म्हणाली, “हा फोटो तर माझ्याकडे आहे.”

आणि ती निघून गेली, मागे दाराची घंटी वाजली.

जेवताना काकांनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून बसले. “तुला नको सांगितलं होतं ना विचारायला?”

“मी ते नाही विचारलं! मी घरचं विचारलं.”

“तिच्या बाबतीत घरचं म्हणजे तेच की.”

दुपारी फोटोताई एकट्याच कॉम्प्युटरसमोर बसल्या, तो फोटो पुसून टाकायला. पण पुसण्याआधी बघत राहिल्या, आणि बघताना मनात आलं, नेमकं काय झालं असेल हिचं? कोण कोण होतं घरी? कुणासमोर झालं? आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. बसथांब्यावर उभं राहून लोक हेच तर करत असतील. पोस्टर बघायचं, मनातल्या मनात विचारायचं, आणि बस आली की चढायचं. त्यांनी फोटो पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काकांना म्हणाल्या, “अहो, ती तपकिरी पँट काढा.”

“तिला काय झालंय?”

“लांब झालीय.”

“नवी आहे. तूच तर आणलीस.”

“वय झालं की माणूस आखडतो. काढा म्हणते ना!”

पँट घेऊन फोटोताई अल्टरच्या दुकानात गेल्या. चिंचोळी जागा, शिलाई यंत्रांची खडखड, जमिनीवर कातरणांचा खच. शिवणवालीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने फोटोताईंकडे बघितलं, टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि पँट पसरली.

“बूट कोणते घालतात?”

“अं?”

“या पँटवर. टाच उंच की सपाट?”

“सपाट.”

“बसून काम करतात?”

“दिवसभर.”

“मग बसल्यावर गुडघ्याला ओढते का? कमरेला सैल आहे, पट्टा लावत नाहीत वाटतं? खिशात काय ठेवतात, शिवण उसवलीय इथे?”

“खिळे,” फोटोताई म्हणाल्या, “फ्रेमांचे. हजारदा सांगून झालं.”

फोटोताई उत्तरं देत होत्या! त्यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी समोर नीट बघितलं. विचारताना शिवणवालीची एक भुवई वर जात होती. मान जराशी पुढे येत होती. डोळे कापडावर, मग माणसावर, मग पुन्हा कापडावर. कुठली कडी, कुठला ओंडका! स्टुलावर घामाघूम होऊनही जो चेहरा सापडला नव्हता तो इथे खडूच्या पुडीत मजेत इकडेतिकडे फिरत होता.

“ताई, पँट बरोबर आहे,” शिवणवाली म्हणाली. “उगाच का आणलीत?”

चोरी पकडली गेल्यावर फोटोताईंनी उगाच आढेवेढे घेतले नाहीत. “चुकलं माझं काल. विचारायला नको होतं.”

“तुम्ही वाईट नाही विचारलंत.” तिने पँटची घडी घालायला घेतली. “पण मला कुणी काहीही विचारलं ना, तर वाटतं, आता पुढचा प्रश्न तो असणार. बस किती वाजता आहे विचारलं तरी वाटतं.”

फोटोताईंनी पँट तिच्या हातातून घेतली.

“मग मी विचारतच नाही,” त्या म्हणाल्या. “तू विचार.”

“काय?”

“मनात येईल ते. तू विचारायचं, मी उत्तर द्यायचं. आणि मधे मधे मी फोटो काढीन.”

शिवणवालीची भुवई वर गेली. “काहीही विचारलं तर चालेल?”

“काहीही.”

“आणि खरं सांगाल?”

“मला गप्प बसलेलं पाहिलंय का कुणी?” फोटोताई म्हणाल्या. हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण त्या वेळी दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, ते सुरू झालं. लेकही आली होती. तिला काकांनी काउंटरवर बसवून घेतलं आणि फ्रेमच्या पट्ट्या निवडायला दिल्या. पडद्यापलीकडून त्यांच्या छोट्या करवतीचा आवाज येत होता.

सुरुवातीला शिवणवाली बिचकत विचारत होती. मग तिला चव लागली.

“सगळ्यात खोटं कोण हसतं?”

“नोकरीच्या अर्जाला फोटो लावणारे.”

“आणि सगळ्यात खरं?”

“ज्यांना वाटतं फोटो काढून झाला.”

“गिऱ्हाईक म्हणालं, मला बारीक दाखवा, तर दाखवता?”

“थोडी मान इकडे, थोडा दिवा तिकडे. खाणं सोडू नका म्हणते आणि दाखवते.”

शिवणवाली हसली. फोटोताईंचा अंगठा चालू होता, पण आता त्या स्वतःच बोलण्यात रंगल्या होत्या. लग्न कसं जमलं, आधी फोटो कोण काढायचं, काकांनी पहिला फोटो कसा उलटा फ्रेममध्ये घातला, सगळं निघालं. आपल्याला एवढं सांगायचं होतं हे त्यांनाच माहीत नव्हतं.

“भिंतीवर गावातले सगळे आहेत,” शिवणवाली म्हणाली. “तुमचा फोटो कुठाय?”

“मी कॅमेऱ्यामागे असते ना.”

“हं.” तिची नजर भिंतीवरून फळीवर गेली. “ते बदक द्या बघू.”

आणि फोटोताईंनी दिलं. गावातल्या एका पोराला कधी दिलं नव्हतं ते त्यांनी फळीवरून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. शिवणवालीने ते उलटं केलं, शिवणीवरून अंगठा फिरवला.

“हा पंख पुन्हा लावलाय. पोटही उसवलं होतं. तुम्ही शिवलंत?”

“हो.”

“शिवण येत नाही तुम्हाला.”

“नाही येत.”

“तरी किती बारीक टाके घातलेत.” ती ते टाके बघत राहिली. “कुणाचं आहे हे?”

“गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी ठेवलंय,” फोटोताई म्हणाल्या.

हे उत्तर कित्येक वर्षं तयार होतं. वापरायची वेळ कधी आली नव्हती, कारण विचारलंच नव्हतं कुणी. फोटोताईंना आणि काकांना एक मुलगा होता. नीट चालायला लागला होता, बोबडं बोलत होता, बदक काखेत घेतल्याशिवाय झोपत नव्हता. तापाने गेला. तेव्हा ते दुसऱ्या गावी राहत होते. या गल्लीत आले ते दोघंच, आणि इथे आल्यावर फोटोताईंनी बोलायला सुरुवात केली ती अशी की कुणाला मधे काही विचारताच येऊ नये. नवराबायकोतही त्याचं नाव निघत नसे. बदक मात्र फळीवर राहिलं.

पडद्यापलीकडे करवत थांबली होती.

शिवणवालीने मान वर केली. पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता, फोटोताईंना तो स्पष्ट दिसला. लोकांच्या ओठांवर येणाऱ्या गोष्टी बघण्यातच आयुष्य गेलं होतं ना त्यांचं! आणि त्यांना हेही दिसलं की तो आला, थांबला, आणि शिवणवालीने त्याला माघारी पाठवलं. नुसतं बघितलं तिने. सगळं कळलेल्या माणसासारखं.

मग बदकाची चोच नीट करत तिने विचारलं, “या छत्र्या घरातच का उघडून ठेवता?”

फोटोताईंना एकदम हसू आलं आणि डोळ्यांना पाणीही आलं. पलीकडे करवत पुन्हा चालू झाली.

नंतर दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि एकेक फोटो बघत गेल्या. हसतानाचे छान होते. भुवई उंचावलेले तर झकास. मग तो आला. अंगठा कधी दाबला गेला, फोटोताईंना आठवत नव्हतं. मांडीवर बदकाचा पिवळा कोपरा, आणि वर तो चेहरा.

“हा,” शिवणवाली म्हणाली.

“हा नको गं. हसरे आहेत ना इतके. यात दुःखी दिसतेस.”

“दिसू दे.” ती मागे रेलली, पुन्हा पुढे आली. “त्या पोस्टरमध्ये सगळे मला बघतात. यात मी बघतेय.” मग तिने फोटोताईंकडे वळून विचारलं, “पण ताई, फोटो माझा असला तरी यातली गोष्ट तुमची आहे. लावू का? नको म्हणालात तर हसरा देऊ.”

असं त्यांना आजवर कुणीही विचारलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं, भिंत भरून फोटो लावले तरी. “लाव,” फोटोताई म्हणाल्या. कळणार कुणाला आहे, असं त्यांना वाटलं.

काकांनी त्या फोटोसाठी फ्रेम केली, लेकीने निवडलेल्या पट्टीची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बसथांब्यावरचं पोस्टर उतरलं. तिथे वकीलबाई स्वतः उभ्या होत्या, कामगाराने एक कोपरा तसाच सोडला तर तोही त्यांनी नखाने खरवडून काढला.

वाचनालयाचा हॉल भरून गेला. नातवाला घेतलेली होती, चष्मा काढून ठेवलेली होती, धिप्पाड म्हातारी आपल्या उभ्या फोटोशेजारी तशीच उभी राहून लोकांकडे रोखून बघत होती, आणि लोकांचं धाबं दणाणलं होतं. समोरच्या मोठ्या भिंतीवर शिवणवाली. खाली कुणाला बळी-बिळी म्हटलेलं नव्हतं. बायकांनी सांगितलं होतं तेवढंच लिहिलं होतं. ती लेकीचा हात धरून फोटोपासून थोडी बाजूला उभी होती. चांगला निळा झगा घातला होता, स्वतः शिवलेला. फोटोताईंना तिला तसं बघून फार बरं वाटलं. काका हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका तिरप्या फ्रेमशी झटत होते.

तेवढ्यात एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी फोटोसमोर येऊन थांबले. माणसं भली होती, डोळे ओले होते दोघांचे.

“बघ,” गृहस्थ हळूच म्हणाले, “डोळे बघ हिचे. काय काय झालं असेल हिच्यावर, सगळं दिसतंय त्यात.”

“कसं सोसलं असेल हो,” पत्नी म्हणाल्या. “किती जण असतील, कोण जाणे.”

हळू बोलले, पण हॉल वाचनालयाचा होता. शिवणवालीने ऐकलं, लेकीनेही ऐकलं. शिवणवालीच्या खांद्यांवरून काहीतरी घसरल्यासारखे तिचे खांदे खाली आले. फोटोताईंना दिसत होतं, ओठ अर्धवट उघडले, ट्रकच्या फळीवरची बाई परत यायला लागली होती. नवी फ्रेम, नवा फोटो, आणि लोक त्यात तोच जुना बघत होते.

गप्प राहणं सोपं होतं. गृहस्थ पुढच्या फोटोकडे निघालेच होते.

“नाही हो,” त्या म्हणाल्या.

दोघं वळली.

“ते तिच्यावर झालेलं नाहीये त्या डोळ्यांत. फोटो मी काढलाय, मला माहीत आहे.” गल्लीभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या बाईला शब्द सापडेनात. “तिने मला विचारलं होतं, हे बदक कुणाचं. मी खोटं सांगितलं. ते माझ्या मुलाचं आहे. माझा मुलगा लहानपणीच गेला. तिला ते न सांगताच कळलं, आणि तिने पुढे विचारलं नाही. तेव्हाचा फोटो आहे हा. ती माझ्याकडे बघतेय. दुःख दिसतंय ना, ते माझं आहे.”

पत्नी पुन्हा फोटोकडे वळल्या आणि पहिल्यांदाच त्यांना मांडीवरचा तो पिवळा कोपरा दिसला. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग त्यांनी शिवणवालीकडे बघून मान लववली. शिवणवालीने खांदे सरळ केले आणि मान लववली.

लेक मात्र आईचा हात सोडून फोटोताईंपाशी येऊन उभी राहिली होती. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि आई जिथे थांबली होती तिथे थांबायचं तिचं वय नव्हतं.

“त्याचं नाव काय होतं?” तिने विचारलं.

शिवणवाली पुढे झाली, तिला गप्प करायला. फोटोताईंनी हातानेच तिला थांबवलं. आणि नाव सांगितलं. हळू सांगायला गेल्या, पण इतक्या वर्षांनी तोंडातून निघालेलं नाव, ते मोठ्यानेच आलं.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला काकांनी फ्रेम सोडली आणि मागे वळून बघितलं.